आडनाव नसलेली पाटी

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर नावाची पाटी आहे. पाटीवर तीन अक्षरांचं एक नाव, आणि त्यापुढं काहीच नाही. मराठी मुलखात कुठल्याही घरच्या पाळण्यात ठेवलं जाईल असं ते नाव आहे. समोर उभा असलेला शेतकरी पाटी वाचतो, मग वाकून पाटीच्या मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघतो, मग हवालदाराच्या छातीकडं नजर नेतो. वर्दीवरही तेच नाव, तेवढंच.

"साहेब, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"काम सांगा, बाबा."

"तसं न्हाई, बोलण्यावरून आपल्याच भागातले वाटायलेत."

"भाग बीड जिल्हा. काम सांगा."

"आन पाहुणे कुठले?"

हवालदार पेन खाली ठेवतो. आवाज चढवत नाही. "तक्रार माझ्या पाहुण्यांची हाय का तुमच्या बांधाची?"

शेतकरी गप्प होतो, पण त्याचं समाधान झालेलं नाही. तो टोपी काढून पुन्हा घालतो. ज्या माणसाच्या हाती आपला कागद जाणार आहे तो आपल्यातला की त्यांच्यातला, हे कळल्याशिवाय त्याला बोलायला सुरुवातच करता येईनाशी झालीय.

जून महिना आहे. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलाय, रानात वाफसा आलाय आणि पेरणीच्या तोंडावर बीड जिल्ह्यातल्या सगळ्याच ठाण्यांत जे होतं तेच इथंही होतंय. बांधाच्या तक्रारी आल्यात. ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली वाळूचा जप्त केलेला ट्रॅक्टर उभा आहे, चाकांतली हवा गेलेली, ट्रॉलीत गवत उगवलेलं. वऱ्हांड्यात दोन बाकडी. एका बाकावर तक्रारदाराची माणसं, दुसऱ्या बाकावर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची. मी मधल्या खांबाला टेकून उभा आहे. तक्रारदार माझ्या चुलत्यांचा रानशेजारी आणि दुसरा माझ्या शाळेतला सोबती. दोघांनीही मला "तू चल" म्हटलंय.

भांडण साधं आहे. मागच्या आठवड्यात ट्रॅक्टरनं नांगरताना बांध कोरला गेला. एकाचं म्हणणं दोन हात कोरला, दुसऱ्याचं म्हणणं बांधच मुळात आमच्या रानात सरकलेला होता. वडिलांच्या काळात या दोन घरांत याच बांधावरून शिवीगाळ झालेली गावाला ठाऊक आहे. तेव्हा गाव म्हणायचं, या दोघांचं जुंपलंय. आज दोन्ही बाकांवरची माणसं दोन वेगळ्या समाजांची आहेत आणि फाटकाबाहेर दोन मोटारसायकलींवरून आलेली चार-पाच पोरं मोबाइल हातात धरून उभी आहेत. त्यांचा या रानाशी काही संबंध नाही. त्यांतल्या एकाचा फोन वाजतो. "हां, आपल्या माणसावर अन्याय झालाय," तो पलीकडच्याला सांगतो. बांध कुठल्या गटात, किती फूट, हे त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. आडनावं मात्र त्याला पाठ आहेत, आणि तेवढ्यावर त्याचा निकाल लागलेला आहे.

टेबलावरची पाटी अशाच निकालांमुळं आली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. गावाजवळच्या पवनचक्की प्रकल्पावर पहारेकऱ्याला मारहाण झाली म्हणून ते तिथं गेले होते. गावचा पोरगा मार खातोय एवढंच कारण त्यांना पुरलं. पण खुनानंतर जिल्हाभर जी चर्चा पेटली, त्यात मरणाऱ्याचं आडनाव, आरोपींची आडनावं आणि तपास करणाऱ्यांची आडनावं हाच विषय झाला. ठाण्यात कोण बसलाय, बंदोबस्ताला कोण आहे, कुणाचा जबाब कोण घेतोय, याच्या याद्या मोबाइलवर फिरू लागल्या. त्याच महिन्यात नवनीत काँवत पोलीस अधीक्षक म्हणून आले आणि २०२५च्या सुरुवातीला जिल्ह्यातल्या पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायची असं ठरलं. पुढं टेबलावरच्या पाट्यांवरून आणि वर्दीवरूनही आडनाव गेलं.

"काय फरक पडतो हो?" माझ्या शेजारी उभे असलेले निवृत्त गुरुजी म्हणतात. ते पासपोर्टच्या कामासाठी आलेत आणि कॉम्प्युटर चालू होण्याची वाट बघतायत. "पाटी पुसली म्हणून काय डोळा पुसला जातोय का? आता लोक गाव विचारतात. गावावरून नाही कळलं तर पाहुणे. पाहुण्यावरून नाही कळलं तर कुठल्या गडाला जाता ते."

ते खरं आहे. कुठल्या गडाला जाता, हा प्रश्न बीडमध्येच विचारता येतो. नारायणगड म्हटलं की एक समाज, भगवानगड म्हटलं की दुसरा, अशी आता विभागणी झालीय. २०२४च्या दसऱ्याला नारायणगडावर मराठा आरक्षणाचे नेते मनोज जरांगे यांचा मेळावा आणि भगवानगड उभारणाऱ्या भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला, पंकजा मुंडे यांचा मेळावा असे दोन झाले. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, दोन दिशांना गाड्या धावल्या, आणि रस्त्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस गाडी कुठल्या दिशेला चाललीय यावरून आतल्या माणसाला ओळखत होता.

"आणि भगवानबाबा घडले कुठं?" गुरुजी मलाच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. "नारायणगडावर. दीक्षा कुणाची? नारायणगडच्या माणिकबाबांची. वारकरी माणसं ती. सावरगावच्या घरातलं पोर नारायणगडानं वाढवलं. हे आम्ही शाळेत सांगायचो. आता कोण ऐकतंय?"

गुरुजींचं वय पासष्टीच्या आसपास असावं. १९६७ची निवडणूक त्यांना आठवते ती वडिलांच्या खांद्यावरून. क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून बीडला उभे होते. माणूस वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचा, पत्री सरकारचा. जिल्ह्यात ना भावकी, ना सोयरीक. बीडनं त्यांना लोकसभेत पाठवलं. १९७७ला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. केशरबाई क्षीरसागर तीनदा खासदार झाल्या. "बुरांडे, क्षीरसागर यांच्या समाजाची मतं जिल्हा जिंकण्याएवढी कुठं होती?" गुरुजी बोटं मोजून दाखवतात. "तेव्हा लोक जात पाळत नव्हते असं मी म्हणणार नाही. पाळत होते. विहिरी वेगळ्या होत्या, वस्त्या वेगळ्या होत्या. पण माणूस बघताना जातीशिवाय आणखी चार गोष्टी बघायचे. भाषण कसं करतो, तुरुंगात गेला होता का, रोजगार हमीच्या कामावर येऊन उभा राहतो का. आता चार गोष्टी गळाल्या, एकच राहिली."

ती एकच कशी राहिली, याच्या तारखा जिल्ह्याला ठाऊक आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरं पेटली. त्या दिवसानंतर कुठल्या गल्लीतून जायचं याचा विचार लोक करू लागले. २०२४च्या लोकसभेत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. फरक इतका थोडा होता की प्रत्येक गावात, प्रत्येक बूथवर कुणी कुणाला मत दिलं याचा हिशेब मांडला गेला, आणि तो मांडताना आडनावांशिवाय दुसरा आकडा कुणाजवळ नव्हता. अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्याच्या हॉटेलात चहा पिऊ नका, असे संदेश तेव्हा फिरले. ज्या टपरीवर आपण वीस वर्षं उधारीनं चहा प्यालो तिथं थांबावं की नाही, हा प्रश्न लोकांना पडला. काही जण थांबायचे बंद झाले. टपरीवाला तोच होता, त्याचा चहाही तोच होता. त्याच्याकडं बघणाऱ्याच्या डोक्यात तो बदलला होता, आणि तेवढ्यानं त्याचं गल्ल्याचं गणित कोसळलं.

फाटकावरच्या पोरांपैकी एक माझ्याकडं येतो. अदबीनं बोलतो.

"काका, तुम्ही कोणाकडून?"

"दोघांकडून."

"तसं नाही. आडनाव काय आपलं?"

मी सांगतो. माझं आडनाव मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे, बंजाऱ्यांत आहे, आणखीही दोन-तीन जातींत आहे. त्यामुळं ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो क्षण येतो तो मी आयुष्यभर बघत आलोय. पोराचा चेहरा तसाच थांबतो. डोळे माझ्या कपाळावर, मनगटावर, गळ्यावर फिरतात. गंध आहे का, दोरा आहे का, कुठलं लॉकेट आहे का. काही सापडत नाही. मग दुसरा प्रश्न येतो, जो नेहमी येतोच. "म्हणजे कुठले?" त्या दोन प्रश्नांच्या मधल्या क्षणात मी त्याच्यासाठी नुसता माणूस असतो. तो काका म्हणतो, अदबीनं बोलतो, बसायला जागा देईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की यातलं काही वाढेल, काही कमी होईल. मी त्याला गावाचं नाव सांगतो. आमच्या गावात सगळेच राहतात. तो मान हलवून परत जातो.

दोन्ही बाकांच्या पलीकडं, ठाण्याच्या भिंतीला लागून, सावलीत दोन बाया बसल्यात. एक तक्रारदाराची बायको, दुसरी माझ्या सोबत्याची. नवरे दोन बाकांवर वेगळे बसलेत, या मात्र जवळजवळ. मधे एक पिशवी आहे, तिच्यात भाकरीचं गाठोडं. बोलणं हळू चाललंय. एकीच्या डाव्या तळहातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत जुन्या जखमेचा वण आहे, कोयत्याचा. ती त्यावरून बोट फिरवत दुसरीला सांगते, "यंदा मुकादम म्हनतो दसऱ्यालाच निघू. पोरीची बारावी हाय, मी म्हनलं दिवाळीशिवाय न्हाई यायची."

"आमाला बी तेच म्हनलाय," दुसरी म्हणते.

म्हणजे मुकादम एकच आहे. ही दोन्ही घरं उचल घेऊन एकाच टोळीत ऊसतोडीला जातात. गेल्या हंगामात सांगलीकडच्या फडावर दोघांच्या कोप्या शेजारी होत्या. चार महिने पहाटे तीनला एकाच गाडीवर बसून फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री अंधारात गाडी भरायची. एकीचं पोर तापलं तेव्हा दुसरीनं कोपीत ठेवून घेतलं होतं, हे त्या मला सांगतात, माझ्या सोबत्याच्या देखत नाही, हळू आवाजात.

"तिकडं कोन ईचारतंय आडनाव?" वण असलेली म्हणते. "तिकडं समदे बीडवाले. दुकानदार बी म्हनतो, बीडवाले आले, सामान आत घ्या."

दुकानदाराच्या त्या शब्दांनी दोघींना सारखंच टोचलंय. इथं ज्या दोन घरांना गाव दोन टोकांवर बसवतं, तिथं परका माणूस एकाच ओळीत उभं करतो, आणि त्या ओळीतही त्यांना माणूस म्हणून कुणी बघत नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस बाई आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत, दुखण्यात, बाळंतपणानंतर दिवस बुडू नये म्हणून या जिल्ह्यातल्या किती बायांनी गर्भाशयच काढून टाकलं, हे २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलं. तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. बाईला कोयता म्हणून बघणं इतक्या आतपर्यंत पोचतं. त्यामागं खासगी दवाखान्यांचा नफा आहे, उचलीचं कर्ज आहे, फडावर पाणी आणि संडास नसणं आहे. पण या सगळ्याला परवानगी देणारी गोष्ट म्हणजे समोरच्या बाईकडं हंगामाचे दिवस मोजत बघणारा डोळा.

वण असलेल्या बाईचा थोरला पोरगा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तोही आज आलाय. खोली शोधताना काय झालं ते तो सांगतो. घरमालकानं गाव विचारलं. बीड म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, बातम्या बघतो आम्ही. खोली मिळाली नाही. "सर, मी कधी कुणाला चापट मारली नाही," पोरगा म्हणतो. त्याचा राग मला समजतो. आणि मला हेही दिसतं की फाटकावर मोबाइल घेऊन उभ्या असलेल्यांत त्याचा एक मित्र आहे, आणि पुण्यातल्या घरमालकानं याच्याशी जे केलं तेच तो मित्र इथं समोरच्या बाकावरच्या माणसांशी करतोय. दोघांच्याही हातात एकच माहिती होती, आणि दोघांनाही ती पुरेशी वाटली.

आत हाक पडते. हवालदार दोन्ही शेतकऱ्यांना एकत्रच बोलावतो आणि बाकीच्यांना बाहेर थांबवतो. मला आणि गुरुजींना आत येऊ देतो. टेबलावर कोरा कागद ठेवतो.

"बांध काढून दाखवा."

तक्रारदार पेन धरतो, हात कापतो, एक आडवी रेघ ओढतो.

"उत्तर कुठली?"

"ही."

"झाड कुठंय बांधावर?"

"बाभळ हाय. हितं."

"तुम्ही सांगा," हवालदार दुसऱ्याला म्हणतो, "बाभळ तिथंच आहे?"

माझा सोबती कागदावर वाकतो. "न्हाई. बाभळ ह्या कोपऱ्याला. ह्याच्या बापानं लावली न्हाई, आपोआप आलेली हाय ती. तिच्या खाली दगड होता हद्दीचा."

"दगड हाय आजून," तक्रारदार म्हणतो. "मातीत गेलाय."

"किती मातीत?"

"ईतभर."

पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांशी बोलताहेत. एकाच कागदावर दोन डोकी वाकलीत. दगड किती खाली, नांगराचा फाळ कुठून वळला, ट्रॅक्टर कुणाचा, चालवणारा कोण, तो बाहेरगावचा होता का, त्याला बांध दाखवला होता का. ट्रॅक्टर भाड्याचा निघतो, चालवणारं पोर परतालुक्यातलं, आणि नांगरट रात्री झालेली, कारण दिवसा ट्रॅक्टर मिळत नव्हता. प्रत्येक प्रश्नाबरोबर भांडण लहान होत जातं. समाज, अन्याय, आपला माणूस हे शब्द बाहेर वऱ्हांड्यात राहिलेत. आत बाभळ, दगड आणि ईतभर माती उरलीय.

मी हवालदाराकडं बघतो. त्याचं आडनाव मला अजूनही माहीत नाही. माझ्याही मनात ते जाणून घ्यायची इच्छा सकाळपासून आहे, आणि तीच या जिल्ह्यात प्रत्येकाच्या मनात भरलेली आहे. पण या अर्ध्या तासात त्याचा कागद, त्याचे प्रश्न, दोघांनाही सारख्याच आवाजात थांबवणं, एवढंच माझ्यासमोर आलं. तेवढ्यावरून मला त्याच्याबद्दल मत बनवावं लागलं. आडनाव कळलं असतं तर या सगळ्याचा अर्थ मी आधीच लावून ठेवला असता. तो एकाला जास्त वेळ बोलू देतोय, म्हणजे त्याचा तो. दुसऱ्याला अडवतोय, म्हणजे त्याचा नाही.

गुरुजी म्हणतात ते मला मान्य आहे. पाटीनं डोळा पुसला जात नाही. पण पाटी म्हणजे दाराचा उंबरा आहे. तो कुणाला अडवत नाही, ओलांडताना पाय तेवढा उचलायला लावतो. सकाळी तो शेतकरी पाटीमागं काही सापडतंय का ते बघत राहिला, गाव विचारलं, पाहुणे विचारले, आणि उत्तर न मिळाल्यानं शेवटी त्याला बांधावरच बोलावं लागलं. माणसाबद्दल मत बनवायला जो अवधी लागतो तो मोबाइलनं, निवडणुकीनं, जाळपोळीनं आपल्याकडून काढून घेतलाय. आता नाव ऐकताक्षणी निकाल लागतो. तो अवधी परत मिळवणं एवढं एकच काम या जिल्ह्यापुढं आज आहे असं मला वाटतं, आणि ते एकट्या पोलिसांचं नाही. शाळेत हजेरी आडनावानं घेणाऱ्या शिक्षकाचं आहे, लग्नपत्रिका छापणाऱ्याचं आहे, निवडणुकीत गावोगावच्या जातवार याद्या मागणाऱ्या पुढाऱ्याचं आहे, आणि "म्हणजे कुठले?" हा दुसरा प्रश्न जिभेवर आल्यावर तो गिळू शकणाऱ्या प्रत्येकाचं आहे.

हवालदार लिहायला घेतो. दोघांनी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा. मोजणी होईपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही.

"आन पेरनी?" तक्रारदार विचारतो. "वाफसा काय मोजनीसाठी थांबतोय?"

"दोघांनी बांधापासून दोन-दोन तास सोडून पेरा."

"फी कोन भरनार?" माझा सोबती विचारतो.

दोघं एकमेकांकडं बघतात. तक्रारदार क्षणभर बोलत नाही. मग म्हणतो, "निम्मी-निम्मी. पर ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं तू, तुझ्या वळखीचा हाय त्यो."

"सांगतो."

दोघं सह्या करतात. बाहेर येतात तेव्हा फाटकावरची पोरं पुढं सरकतात. एक जण विचारतो, "काय झालं, तात्या? काय म्हणाला तो?"

"पेरायला सांगितलंय," तक्रारदार म्हणतो आणि बायकोला हाक मारतो. सोयाबीनचं बी अजून घ्यायचंय आणि दुकान एक वाजता बंद होतं.